दुसरी खूण

कोळगावच्या कचेरीत होते, तेव्हा मुंबईच्या रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. माझी धाकटी बहीण नंदा गेली. "पेशींनी काम चोख केलं, कर्करोग मोडत आणला होता... पण ताप आवरला नाही," ते म्हणाले. मी फोन भिंतीवर आपटला. चोख काम म्हणे!

आम्ही सातपाटीचे. घरी मोठा दाढा मासा आला की आई आधी कल्ला उघडून बघायची, मग पोट दाबायची. ताजेपणाच्या दोन्ही खुणा पटल्या तरच कोयता. लहानपणी नंदाने नुसता लाल कल्ला बघून घाव घातला आणि कुजलेल्या पोटातली घाण थेट तिच्या तोंडावर उडाली. आईने वरून धपाटा दिला, "एका खुनंवर हात चालवायचा नाय!" तेव्हापासून आई कोयता उगारून थांबायची आणि नंदा खुणा तपासून ओरडायची, "हाण!"

पुढे बोईसरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवतानाही तिने हेच सांगितलं. रक्तातली मारेकरी पेशी आजारी पेशीला चाचपते. मारेकरीच्या अंगावरच्या रिसेप्टरला ओळख पटली, ही पहिली खूण. शेजारून दुसरी मिळाली, की होडीतून मासळीच्या पाट्या हातोहात उतरवाव्यात तसा निरोप आत पोचतो, आणि मग ती समोरचीला भोकं पाडून आत विष सोडते. "एकच खूण मिळाली तर?" कुणी विचारलं की नंदा टेबलावर मूठ हाणायची, "तर मारेकरीच लुळी पडते!"

मग तिलाच रक्ताचा कर्करोग झाला. औषधं हरली. तिच्याच पेशी काढून, नवा रिसेप्टर बसवून परत सोडायचं ठरलं. दोन्ही खुणा त्या एकाच रिसेप्टरमध्ये जोडलेल्या, म्हणजे दुसरीसाठी थांबणं नाही. आई घाबरली. "मग त्यांना थांबवनार कोन?"

"आय, तशी पन मरतेच हाय," नंदा म्हणाली. "कोयता तरी माजा असू दे."

पेशी कर्करोगावर तुटून पडल्या. त्यांनीच पेटवलेल्या तापात नंदा दातओठ खात चादर फाडत होती. त्या पेशी तिच्याच, पण हाती लागल्या असत्या तर मी चिरडल्या असत्या.

सुतक फिटलं तरी घरात मासळी शिजली नव्हती. परवा आईने दाढा आणला. कल्ला उघडला, पोट दाबलं, कोयता उगारला... आणि हात वरच राहिला.

"बोल ना गो," ती म्हणाली. "हात दुखतो माजा."

"हाण!" मी किंचाळले.

आईने असा हाणला की दाढ्याचं मुंडकं उडून कोयता ओंडक्यात रुतला. तो आम्ही अजून काढलेला नाही.