सुन्याची टीम

मंडळी, आज सकाळी गोदाकाठी सुन्याचा दहावा होता. माझा शाळेपासूनचा मित्र, आमचा गोलकीपर.

पिंडाला कावळा शिवेना. भावाने हात जोडून सांगितलं, "आईला मी सांभाळीन." मुलीच्या शिक्षणाचंही सांगून झालं. कावळे झाडावरून हलेनात.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुन्याचा जीव कशात अडकलाय, ते मला ठाऊक होतं. द्वारका सर्कलच्या टपरीवर चहा घेताना त्याचा एकच विषय असायचा: देशाची फुटबॉल लीग वाढेल, तेव्हा त्यात नाशिकचीही टीम असेल.

मी पुढे होऊन म्हणालो, "सुन्या, लीगमध्ये नाशिकची टीम येईल रे."

तरी कावळा येईना.

वहिनी मागून रडत म्हणाल्या, "भाऊजी, तसं नाही. कुणा शेठने विकत घेतलेली टीम त्यांना नको होती. खालच्या डिव्हिजनमधून जिंकत जिंकत वर आलेली हवी होती."

खरंच की. एवढं ऐकूनही मी चुकीचंच सांगत होतो.

"खालून येऊ सुन्या. जिंकत येऊ."

कावळा शिवला.

आता शब्द देऊन बसलोय. आमच्या मैदानावर गोलपोस्टसुद्धा उरलेला नाही. तरी संध्याकाळी बूट घेऊन जातोय.

गोलकीपर आहे का कुणी?