आत्याचा मान

आमच्याकडे बाळाला पहिला मध आत्याने चाटवायचा. वहिनीला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून मी हा मान सगळ्यांना बजावून ठेवला होता. मध चाटवणाऱ्याचा स्वभाव पोराला लागतो म्हणतात, त्यावरून धाकटा भाऊ मला चिडवायचा, "तुझ्यासारखं भांडखोर निघालं तर तूच सांभाळ, ताई."

उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या एका नर्सिंग होममध्ये सिझर झालं. वहिनीला टाके घालत होते आणि दुपट्यातलं बाळ माझ्या मांडीवर होतं. तोंडाशी सारखा फेस यायचा. मी पुसायची, पुन्हा यायचा. आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, असं नर्सने बजावलं होतं. पण मला कुणी नको म्हटलं की अंगात येतं. समोरच्या सिंधी दुकानदाराकडून आणलेली मधाची बाटली पर्समध्ये होतीच. बोट बुडवून तीनदा चाटवलं. बाळ खोकलं, ओठ काळसर पडले, मग सावरलं. मी बाटली पर्सच्या तळाशी ढकलली आणि त्याचे ओठ पुसले.

तासाभराने वहिनीने बाळाला अंगावर पाजायला घेतलं आणि ते निळंच पडलं. डॉक्टरांनी पोटापर्यंत नळी घालून पाहिली, ती छातीतच अडली. ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

तिथल्या सर्जनने भावाला आणि मला कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भात अन्नाची आणि श्वासाची आधी एकच नळी असते. चौथ्या आठवड्याच्या सुमारास तिला पुढून फुप्फुसांचा कोंब फुटतो, मधे पडदा धरतो आणि दोन नळ्या वेगळ्या होतात. बाळाचा पडदा नीट धरलाच नव्हता. अन्ननलिका वर बंद पिशवीसारखी संपत होती, तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला चिकटलेला. चौथ्या आठवड्यात वहिनीला काही ठाऊकही नव्हतं. आम्ही सगळे तेव्हा पालेगावात फ्लॅट बघत हिंडत होतो.

"यात कुणाचीच चूक नाही," डॉक्टर म्हणाले. "पण दुधाशिवाय काही दिलंत का? उजव्या फुप्फुसात बरंच उतरलंय."

भावाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "नाही." त्याने विश्वास ठेवला. बाहेर आल्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "बाळ बरं झालं की मग चाटव मध." त्या क्षणी मला मरून जावंसं वाटलं.

न्यूमोनिया उतरेपर्यंत ऑपरेशन थांबवलं. तो उतरला नाही. सहाव्या दिवशी बाळ गेलं.

याला दोन वर्षं झाली. आता वहिनीला पुन्हा सातवा लागलाय. परवा बदलापूरला त्यांच्या घरी गेले, तर ती कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "ताई, डब्याचं दूध आणून ठेवायला सांगितलंय यांना. या वेळी मी अंगावर पाजणार नाही. ते माझ्याच दुधाने गेलं."

मी म्हणाले, "बरं."