तक्त्याबाहेरच्या बिड्या

गेल्या हिवाळ्यात गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी एक संशोधक बाई आल्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत इथल्या उद्योगांनी देशाच्या उत्पन्नात किती भर घातली, याचा अंदाज त्या नव्याने मांडत होत्या. कारखान्यांच्या नोंदी त्यांच्याकडे होत्या. घरी वळल्या जाणाऱ्या बिड्यांसाठी मात्र जनगणनेवर विसंबावे लागे. किती बायकांनी घरचा उद्योग सांगितला, त्यावरून उत्पादन काढायचे.

"आकडा फारच लहान येतो," त्या म्हणाल्या.

आमच्या घरापुरते कारण मला ठाऊक होते.

मी शाळेत असताना जनगणनेचे गुरुजी दारात आले. वडील कारखान्यात गेले होते. आई आतल्या खोलीत होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि तेंदूची पाने. गुरुजी माझ्याच शाळेत शिकवत. वर्गातल्या मुली तंबाखूचा वास येतो म्हणून माझ्यापासून सरकून बसत. आई काय करते, असे गुरुजींनी हिंदीत विचारले. मी म्हणाले, "कुछ नहीं, घर पर रहती हैं." त्यांनी लिहिले आणि ते पुढच्या घरी गेले. आत पाने कापणाऱ्या कात्रीचा आवाज थांबला होता. थोड्या वेळाने तो पुन्हा सुरू झाला.

पुढे मी वर्तमानपत्रात नोकरी केली, इतरांच्या बातम्यांतल्या चुका दुरुस्त केल्या. ही चूक कोणाला सांगितली नाही. आईने कधी विषय काढला नाही, म्हणून तिने ऐकले नसावे असे धरून चालले.

बाईंनी खाटेवर बसलेल्या आईला विचारले, "आजी, त्या काळी तुम्ही काय काम करत होता?"

"मले काहून विचारता जी? हिले विचारा. तेव्हाबी हिनंच सांगतलं होतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी सांगितले: बिड्या. सकाळची भांडी झाली की दिवेलागणीपर्यंत. माझे शिक्षण संपेपर्यंत, रोज.

त्यांनी वहीच्या समासात लिहून घेतले. जुन्या तक्त्यातली नोंद आता बदलता येणार नाही, म्हणाल्या. तळटीप देता येईल.

"ते काय असते?" आईने मला विचारले.

"पानाच्या खाली लिहितात. बारीक अक्षरात."

"अच्छा," आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.