अप्पांच्या दुखवट्याची भाकरी

माझे वडील वारले तेव्हा ते बैठकीत बसून भाजलेल्या शेंगा फोडत होते.

त्यांना मारलं मी. (आधीच सांगून टाकते, नाहीतर भालकीत दुसरं कुणीतरी सांगेलच.) मी चित्रं काढते आणि माझ्या स्वतःच्या वेबसाइटवर विकते. हे नेमकं काय काम आहे, ते आमच्या गल्लीत अजून कुणाला कळलेलं नाही. "पोरगी काय करती?" असं कुणी विचारलं की आई हळू आवाजात "कॉम्प्युटरवर असती" एवढंच म्हणते, एखादा आजार सांगावा तसं! अप्पांचं बियाण्यांचं दुकान. त्यांनी परवानगी देताना एकच अट घातली होती.

"फुलं काढ, पाखरं काढ, बीदरचा किल्ला काढ. पण घरचं माणूस बाजारात मांडायचं न्हाई. मांडलंस की तुजं ते दुकान बंद!"

मी फुलं काढली. कुणी घेतली नाहीत. पाखरं काढली, तीही उडाली नाहीत. मग एका दुपारी दुकानात डोकावले, तर अप्पा खुर्चीत ताठ बसलेले, कपाळाला विभूती, हात मांडीवर, डोळे मिटलेले... चक्क झोपले होते! घोरतही होते, पण घोरणं चित्रात येत नाही. मी गुपचूप ते चित्र काढलं, नाव दिलं 'शांती', आणि टाकलं साइटवर. अप्पा कशाला बघतात! त्यांचा मोबाइल तुरीच्या भावापलीकडे कधी गेलेला नाही.

आणि 'शांती' विकली गेली! बीदरजवळ कोळारच्या कारखान्यांच्या भागात एकाचं गोदाम आहे, त्यानं घेतली. झालं, मला हुरूप चढला. मग मी घरादारातलं एक माणूस सोडलं नाही.

आता मामांचं सांगते. आईचे धाकटे भाऊ, सीमेपलीकडं महाराष्ट्रात उदगीरला असतात, पाइपांचा धंदा. अप्पांचं आणि त्यांचं बोलणं बंद होतं. कारण? आमच्याकडच्या एका लग्नात मामांच्या पंगतीला हुग्गी पोचली नव्हती. (गव्हाच्या खिरीवरून दोन राज्यांत अबोला धरणारी माणसं आम्ही!) तर हे मामा पाइप भरायला कोळारला गेले, ते नेमके त्याच गोदामात. बघतात तर भिंतीवर अप्पा. फ्रेममध्ये. वर शेवंतीचा हार, पुढं उदबत्ती!

आपल्याकडे जित्या माणसाच्या तसबिरीला हार घालायची कुणाची टाप आहे? मामांनी गोदामवाल्याला विचारलं, तर तो हात जोडून म्हणाला, "लई मोठं माणूस. गेलं." मामांनी पाइप तिथंच टाकले, तसबिरीचा मोबाइलवर फोटो काढला आणि रडत उदगीर गाठलं.

फोन तरी करायचा ना एक! पण मामीचं म्हणणं पडलं, "त्यांनी आपल्याला कळवलंबी न्हाई. आता कुठल्या तोंडानं फोन करायचा? सरळ जाऊन वन्संच्या गळ्यात पडू."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि मामीनं तिथूनच गळा काढला. आई चूल... म्हणजे गॅस तसाच टाकून धावली.

"वन्सं ऽऽ! असं कसं झालं ओ ऽऽ!"

आईनं मामीकडं पाहिलं, जीपकडं पाहिलं. मामा कुठं दिसेनात. (ते जीपमागं भाकरी-पिठल्याचे डबे उतरवत होते. दुखवट्याच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून पाहुण्यांनी जेवण न्यायचं असतं.) आईला वाटलं, आपला भाऊच गेला!

"अरं माज्या भावा ऽऽ!" म्हणून आईनं जो हंबरडा फोडला, त्यापुढं मामी फिकी पडली. दोघी एकमेकींच्या गळ्यात. मामी माझ्या वडलांसाठी रडतेय, आई मामीच्या नवऱ्यासाठी! शेजारपाजार गोळा झाला. मी हातात ब्रश घेऊन दारात उभी होते, सगळे रडतायत म्हणून मीही रडू लागले.

आता अप्पा बाहेर आले. अप्पा रीतीभातीचे पक्के. रडारड ऐकून त्यांनी शेंगांची टरफलं झटकली, डोक्यावरून टॉवेल घेतला आणि ओसरीवर पुरुषांच्या ओळीत मान खाली घालून बसले. थोड्या वेळानं शेजारी बसलेल्या जीपवाल्याला हळूच विचारलं,

"कोण गेलं ओ?"

"ह्या घरचे मालक."

"कोणते मालक?"

"शरणप्पा म्हणून होते म्हणं."

अप्पांनी डोक्यावरचा टॉवेल नीट केला. मग म्हणाले, "कधी?"

"काय की. पण कोळारला फोटोला हारबी घातलाय बगा."

अप्पा ताडकन उभे राहिले. डोक्यावरचा टॉवेल पडला. तेवढ्यात मामा डबे घेऊन पायरी चढत होते. त्यांनी समोर पाहिलं. "दाजी!" अशी किंकाळी मारून ते तिथंच बसले. मामीनं पदरातून डोळा काढला आणि ती आईच्या अंगावर कोसळली. आईला नवराही दिसला, भाऊही दिसला, आणि आता थांबवत नाही म्हणून ती तशीच रडत राहिली.

मामांनी मोबाइल पुढं केला. अप्पांनी चष्मा लावला.

"ही खुर्ची आपल्या दुकानातली. आन् हे कोपऱ्यात काय लिवलंय? सु... जा... ता."

(चित्रावर सही ठसठशीत करावी, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं.)

"उघड ते दुकान!" अप्पा गरजले.

उघडलं. सगळी गल्ली मोबाइलवर वाकली. 'शांती'च्या खाली होतं 'वादळ'. त्यात उलथनं उगारलेली मामी! त्याखाली 'उपवास'. त्यात रिकाम्या पत्रावळीपुढं बसलेले मामा! मामीनं पुन्हा गळा काढला, या खेपेला मनापासून.

"बंद कर," अप्पा म्हणाले. आवाज चढवला नाही, तेव्हाच मी ओळखलं की हे खरं आहे. सगळं हसण्यावारी नेतेय, पण त्या साइटखेरीज माझं म्हणून दुसरं काहीच नव्हतं.

"त्याला तरी विचारू द्या, हार कामून घातला," मी रडत म्हटलं आणि गोदामवाल्याला फोन लावला. तो बिचारा चकितच झाला.

"अक्का, आमचा आज्जा गेला तवा फोटो काढायची सोय न्हवती. वडील सांगायचे तसाच दिसला बगा तुमच्या चित्रातला माणूस. म्हणून त्याला आज्जा मानून लावला. रोज उदबत्ती लावतो. काय चुकलं का ओ?"

अप्पांनी फोन हिसकावला. "रोज?"

"व्हय की. सकाळ-सांज."

अप्पांनी फोन ठेवला आणि आईकडं पाहिलं. "बग. आन् हितं मला चहा मागून घ्यावा लागतो."

तेवढ्यात शेजारच्या काशम्मा आज्जींनी काठी आपटली. "शरणप्पा, मरणाची खोटी खबर आली की आयुष्य वाढतंय! पोरीनं तुजं आयुष्य वाढवलं, आन् तू तिलाच रागवायलास?"

अप्पांनी पडलेला टॉवेल उचलून झटकला. शेवटी म्हणाले, "ऱ्हाऊ दे उघडं."

मामा पुढं सरकले. "दाजी, ते हुग्गीचं मनात नका धरू..."

"हुग्गीचं मागनं बगू. आदी ती भाकरी काढ," अप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या दुखवट्याची भाकरी त्यांनी पिठलं मागून मागून खाल्ली.

त्यानंतर माझा धंदा जो वाढला! गल्लीतले सगळे म्हातारे रांग लावून आले. "माजंबी काढ गं पोरी, आन् हार तूच रंगवून टाक." काशम्मा आज्जींचं चित्र तर औरादला कुणाच्या तरी देवघरात आहे म्हणे, आणि आज्जी काठी सोडून चालायला लागल्यात.

मी म्हटलं, आपलंही आयुष्य थोडं वाढवून घ्यावं. डोळे मिटून, चेहऱ्यावर शांती वगैरे आणून माझं स्वतःचं चित्र काढलं आणि साइटवर सगळ्यात वर लावलं. गल्लीतले सगळे म्हातारे विकले गेले, माझं मात्र आहे तिथंच आहे. मला मेलेली मानायलासुद्धा कुणी तयार नाही!