कुंडलच्या हवालदाराचा सॅल्यूट

आमच्या ह्यांच्या अंगात तीन माणसं राहतात आणि तिघांशीही माझं जमवून घेण्यात आयुष्य गेलं. फौजेतला कॅप्टन चहा घड्याळावर मागायचा, साताऱ्यातला वकील तो थंड होईपर्यंत बोलत बसायचा आणि सांगलीतला न्यायाधीश बोलायचाच नाही. न्यायाधीश होऊन सांगलीच्या विश्रामबागेत राहायला आल्यापासून आम्ही कुणाच्या लग्नाला जायचं नाही आणि कुणाच्या शेतातली मेथीची जुडीसुद्धा घ्यायची नाही, असा ह्यांचा दंडक होता. मला तो जाचायचा आणि मी तसं तोंडावर सांगायचे.

फौजेत पायाला गोळी लागली तेव्हा एक हवालदार ह्यांना पाठीवर घेऊन डोंगर उतरला होता. शौर्यपदक ह्यांना मिळालं. कुणी कौतुक केलं की हे म्हणायचे, "मला पदक आणि त्याला कंबरदुखी." हवालदार सांगलीकडच्या कुंडल गावचा. आम्ही साताऱ्यात होतो तोवर गुऱ्हाळ सुरू झालं की काकवी घेऊन यायचा. कितीही आग्रह केला तरी साहेबांसमोर खुर्चीवर बसायचा नाही.

एके दिवशी बांधाच्या वादातलं एक अपील ह्यांच्यापुढे आलं. कागदावर हवालदाराचंच नाव होतं, पण त्या नावाची माणसं तालुक्यात ढीगभर, त्यामुळे ह्यांना आधी उलगडा झाला नाही. पुकारा झाला आणि डोक्यावर फौजेची टोपी घालून हवालदार आत आला. साहेबांना पाहताच कोर्ट-बिर्ट विसरून त्याने टाचा जुळवल्या आणि कडक सॅल्यूट ठोकला. ह्यांचा हात टेबलावरून उचलला गेला आणि अर्ध्यातूनच पेनाकडे वळला. फौजेत साहेबाने उत्तर दिल्याशिवाय हात खाली घ्यायचा नसतो. हवालदार तसाच उभा राहिला. शेवटी पट्टेवाल्याने त्याचा हात धरून खाली केला.

हे मला ह्यांनीच संध्याकाळी सांगितलं. अपील दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करायला त्यांनी त्याच दुपारी लिहिलं होतं.

रविवारी हवालदार आमच्या फाटकाशी आला. मी बाहेर गेले.

"बाईसाहेब, साहेब रागावलं व्हय? माझं काय चुकलं?"

"रागावले नाहीत. पण केस संपेपर्यंत भेटता यायचं नाही त्यांना."

"आवं, केसचं बोलायला आलोच न्हाई मी. त्यांनी नुस्तं तोंड दाखवलं तरी लय झालं."

हे आतल्या खोलीत होते, सगळं ऐकत होते आणि बाहेर आले नाहीत. त्यांचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. तरीही मला त्यांचा भयंकर राग आला.

पुढे निकाल हवालदाराच्या विरुद्ध लागला. तो परत कधी आला नाही. हे निवृत्त झाले, आम्ही साताऱ्याला परतलो. काकवीचे दिवस आले की हे सारखे फाटकाकडे बघायचे. माणूस तुटला, हे त्यांना आतून खात होतं.

मागच्या हिवाळ्यात सकाळी पाहते तर हे कपाटातून फौजेची जुनी टोपी काढून ब्रशने झाडत होते.

"कुणाच्या वरातीला निघालात?" मी विचारलं.

"कुंडलला. तूही चल. त्याने दारातून परत पाठवलं, तर सोबत असू दे कुणीतरी."

हवालदार अंगणात बाजेवर बसला होता. आम्हाला पाहून उठला, पण पुढे आला नाही. हे गाडीतून उतरले, टोपी नीट केली, दुखरा पाय ओढत त्याच्यासमोर गेले आणि त्यांनी सॅल्यूट केला. साहेबाने, आधी, हवालदाराला.

"आवं साहेब, हे उलटं झालं की वं! हात खाली घ्या."

ह्यांनी घेतला नाही.

हवालदाराने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. डोकं उघडं होतं आणि उघड्या डोक्याने फौजी सॅल्यूट करत नाही. तो वळून घरात गेला. तो परत येणार की दार लावून घेणार, हे मला कळेना. हे उन्हात उभेच होते, हात तसाच कपाळाशी.

हवालदार टोपी घालूनच बाहेर आला.