जहाजावरून आलेली सही

या सदरातले अनुभव मी वाचते आणि "कुठेतरी काहीतरी फॉल्ट असणार" म्हणून पान उलटते. एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत बावीस वर्षं ॲडमिन सांभाळतेय. कुणाचा व्हिसा कधी संपतो, कुठला कागद कुठल्या फोल्डरमध्ये, हे माझं काम... भुताखेतांसाठी वेळही नाही आणि विश्वासही नाही. तरी लिहितेय, कारण या वेळी मला फॉल्ट सापडला नाही.

आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, राहतो दुबईत अल बर्शाला. नवरा, इक्बाल, तेलाच्या जहाजावर सेकंड इंजिनियर. मुलगी सना सतरा वर्षांची, तिला कॅनडातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. अठराच्या आतल्या मुलांच्या व्हिसा फाइलला एक कागद लागतो – तिथली अमुक व्यक्ती मुलीची पालक म्हणून जबाबदारी घेईल आणि आईबापांना ते मान्य आहे. सह्या दोघांच्या, नोटरीसमोर. पालक म्हणून कॉलेजने सुचवलेली एक बाई होती. तिला आम्ही फक्त फोटोत पाहिलेलं. इक्बालना हे मनातून नको होतं. "अजून एक वर्ष थांबली तर काय बिघडतं?" दर फोनला हेच. शेवटी कसेबसे तयार झाले.

ते समुद्रात, आम्ही इथे, म्हणून ऑनलाइन नोटरी. व्हिडिओ कॉलवर यायचं, कॅमेऱ्यासमोर पासपोर्ट धरायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, स्क्रीनवर सही करायची. शुक्रवार संध्याकाळी सहाची वेळ मिळाली. फाइल सोमवारपर्यंत भरायची होती.

जहाजावर सगळ्यांचे पासपोर्ट कॅप्टनच्या तिजोरीत असतात. हवा असला तर रजिस्टरमध्ये सही करून घ्यावा लागतो. गुरुवारी मी इक्बालना आठवण केली, ते "घेतो" म्हणाले, आणि मी यादीत टिक करून टाकली. घेतला का, हे पुन्हा विचारलं नाही. एरवी मी असं करत नाही.

शुक्रवारी सहाला मी आणि सना डायनिंग टेबलाशी बसलो. सहा वाजून चार मिनिटांनी इक्बाल स्क्रीनवर आले. कामाचा निळा बॉयलरसूट, दाढी वाढलेली. जहाजावरून नेहमी चित्र अडकत येतं, त्या दिवशी स्वच्छ होतं.

"Mumma, tell Papa to shave. He looks like a pirate," सना म्हणाली.

"पायरेट पकडला गेला तर तुझी फी कोण भरणार?" ते हसले.

नोटरी साठीच्या आसपासच्या बाई होत्या. त्यांनी इक्बालचा पासपोर्ट पाहिला, नंबर वाचून घेतला. मग इक्बालना विचारलं – ही सही तुम्ही स्वतःच्या मर्जीने करताय ना?

"येस." प्रश्न संपायच्या आत.

मला बरं वाटलं. म्हटलं, चला, मनाची तयारी झाली. माझीही सही झाली. पावणेसातला शिक्क्यासकट पीडीएफ ईमेलमध्ये होतं. खलास.

शनिवारी सकाळी इक्बालचा फोन. "सॉरी, सॉरी. काल एक पंप बंद पडला, पाच ते आठ इंजिन रूममध्येच होतो. आता दुसरी वेळ कधी मिळेल?"

"सकाळी सकाळी मस्करी नको हं."

"मस्करी कसली? अगं, मी लिंक उघडलीच नाही. पासपोर्टसुद्धा घेतला नाही अजून."

मी पीडीएफ पाठवलं. त्यांनी ते उघडून पाहिलं. मग म्हणाले, "सही माझीच दिसते... पण मी केलेली नाही, नसीम."

मी माझ्या पद्धतीने तपासायला घेतलं. कॅप्टनच्या रजिस्टरमध्ये पासपोर्ट दिल्याची नोंद नाही. इंजिन रूमच्या लॉगमध्ये पाच ते आठ इक्बालचं नाव, सोबत काम करणारे दोघे साक्षीला. मग नोटरीकडून रेकॉर्डिंग मागवलं. चेहरा, आवाज, हसणं, सगळं इक्बालचं. मी त्यांना तुकडा पाठवला. त्यांनी एकदाच पाहिला.

"केबिन माझीच आहे. पण मागच्या खिडकीत बघ."

पाहिलं. गोल खिडकीत एक डोंगर होता, हलत नव्हता. जहाज त्या दिवशी किनाऱ्यापासून चार दिवस लांब होतं.

सना रडकुंडीला आली. "It's sealed, Mumma! Just upload it. I'll lose my seat!"

खरं सांगते, माझा हात अपलोडवर गेला होता. कागदात काही खोट नव्हती.

"तो लावायचा नाही," इक्बाल म्हणाले. "पोरगी कुणाच्या तरी हवाली करतोय आपण. ती काय अशा सहीवर?"

रविवारची जादा फी भरून दुसरी वेळ घेतली. या वेळी कॅप्टनने स्वतः पासपोर्ट आणून दिला. चित्र अडकत होतं, कॉल दोनदा तुटला. नोटरीबाईंनी तोच प्रश्न विचारला. इक्बाल गप्प. मला वाटलं, नेटवर्क गेलं. पण त्यांच्या पापण्या हलत होत्या. सना टेबलाची कड धरून बसली होती. मग खाली बघत ते म्हणाले, "येस."

हा दुसरा कागद लावला. व्हिसा आला, सना गेली, ठीक आहे.

रत्नागिरीची नणंद म्हणते, हे एखाद्या जिनाचं काम, सदका दे, गरिबाला काही दान कर. दिला, त्यात नुकसान काही नाही. ऑफिसमधला आयटीवाला म्हणतो, बनावट व्हिडिओ असेल. असेल. पण सनाने आयत्या वेळी केलेल्या चेष्टेला व्हिडिओतल्या माणसाने बापासारखं उत्तर दिलं होतं, आणि यातून कुणाचा काही फायदाही झाला नाही.

मला उत्तर मिळालेलं नाही. माझ्या मुलीला सोडताना तिच्या बापाची जीभ उचलत नव्हती. तिला परक्या बाईच्या हवाली करायला एका क्षणात "येस" म्हणणारा तो कोण होता, आणि त्याला कसली घाई होती, ते मला अजून माहीत नाही.