रजेच्या जागेवरचे मास्तर

बदली मास्तरांसमोर बाळापुरातले शिक्षक शिंकत नसत. शिंक आलीच तर धोतराचा सोगा नाकाशी धरून वर्गाबाहेर जात आणि तिकडेच उरकून येत. कारण शिंक ऐकली की मास्तर जवळ येऊन हळूच विचारत, "तब्येत बरी हाय ना?" प्रश्न साधाच, पण तो त्यांच्या तोंडून आला की भलेभले रजेचा विचार सोडून देत. ड्रॉइंगचे शिक्षक तर म्हणत की मास्तरांनी चौकशी केली त्या दिवशी मी जेवणात दही खात नाही.

कायम शिक्षक रजेवर गेला की तो परत येईपर्यंत त्याच्या जागी शिकवायचं, हे मास्तरांचं काम. ते मूळचे तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातले. बायको आणि दोन मुली तिकडे भावाच्या घरी आणि हे कधी अकोटला, कधी मूर्तिजापूरला, कधी आणखी कुठे. एखाद्याचा पाय मोडला, एखाद्याला विषमज्वर झाला की यांना बोलावणं येई. पगार कायम शिक्षकापेक्षा कितीतरी कमी, आणि तोही बिल पास होईल तेव्हा हातात पडायचा. तोवर किराणा उधारीवर. शाळेला लांब सुटी लागली की यांना मोकळं करत. सुटीनंतर पुन्हा बोलावतील की नाही, ते कमिटीवाल्यांच्या मर्जीवर. "दुसऱ्याच्या तापावर आपली भाकर भाजते," असं ते म्हणत आणि लगेच कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून मागे वळून पाहत.

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली, पण इतका पद्धतशीर भित्रा दुसरा नाही पाहिला. शिपाई वर्गाच्या दारात दिसला की मास्तरांचा खडू फळ्यावर जिथल्या तिथे थांबायचा. शिपाई बिचारा होळीच्या सुटीची नोटीस घेऊन आलेला असे, पण मास्तर आधी विचारत, "कायम माणूस आला काय?" त्यांनी बाळापुरात साधा माठसुद्धा विकत घेतला नाही. घरमालकाकडून तांब्याभर पाणी मागून आणत. अकोटला एकदा हौसेनं माठ घेतला होता, तर दुसऱ्याच दिवशी रजेवरचे गुरुजी बरे होऊन हजर झाले होते. तेव्हापासून माठाशी त्यांनी उभा दावा मांडला.

साठ सालाच्या आसपास ते आमच्या शाळेत आले, ते माझ्या बाबांच्या जागेवर. बाबा चौथीला शिकवत आणि मी त्याच वर्गात होते. बाबांना हृदयाचं दुखणं झालं होतं. पाय सुजायचे, अंगणापर्यंत चालले तरी दम लागायचा. दिवाळीनंतर त्यांनी जी रजा घेतली ती वाढतच गेली. रजा संपेपर्यंत ते हजर झाले नाहीत तर नोकरी जाणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ते कुणी बोलत नसे इतकंच. आम्हाला शेत नव्हतं, मामा-काका नव्हते. बाबांची ती जागा म्हणजेच आमचं घर होतं.

दर रविवारी संध्याकाळी मास्तर बाबांना भेटायला येत. गल्लीच्या तोंडाशी त्यांच्या वहाणा वाजल्या की आईच्या तोंडचं पाणी पळे. "दम राह्यला का गेला, ते पाहाले येते मेला," असं ती पुटपुटे आणि कामाला लागे. बाबांना उशांच्या आधारानं बसवायचं, कोट चढवायचा, डोक्यावर टोपी ठेवायची, हातात वर्तमानपत्र द्यायचं, सुजलेल्या पायांवर घडी घातलेलं पांघरूण टाकायचं. मास्तर आत येईपर्यंत बाबा असे दिसत की आत्ता उठून शाळेत जातील. मास्तर त्यांना तसं पाहत आणि त्यांचा स्वतःचाच चेहरा उतरे. बाबा वर्गाची खबर विचारत, मास्तर नीट सांगत. कोणाला भागाकार येत नाही, कोण कापूस वेचणीपासून शाळेत येत नाही, सगळं. ते गेले की बाबा टोपीसकट आडवे होत. आई दाराची कडी लावून तिथेच खाली बसे.

मला मात्र मास्तरांचं शिकवणं आवडायचं आणि ते आवडतं याचीच भीती वाटायची. ते रोज हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून विचारत, बाबांना झोप लागली का. आईनं पढवल्याप्रमाणे मी सांगायचे, हो, चांगली लागली. एका सकाळी माझ्या तोंडून खरं निघून गेलं. रात्रभर बसून होते, श्वास घेता येत नव्हता, असं मी म्हणाले. मास्तरांनी मान वर केली आणि त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड आला. मी तो पाहिला. मी पाहिला हे त्यांनीही पाहिलं. हजेरी तशीच टेबलावर टाकून ते व्हरांड्यात गेले आणि परत येऊन त्यांनी पुढचं नाव घेतलं. त्यानंतर त्यांनी मला तो प्रश्न कधीच विचारला नाही. मी घरी काही बोलले नाही, पण पुढचे कित्येक दिवस मला जेवण गेलं नाही.

एप्रिल संपत आला. आमच्या शाळेत एक रिवाज होता. उन्हाळ्याच्या सुटीआधी शेवटच्या दिवशी मस्टरवर ज्याची सही, त्याची जागा पक्की आणि सुटीचा पगारही त्याचा. कितीही आजारी शिक्षक असला तरी त्या दिवशी येऊन सही करून जाई. बाबांची रजाही तेव्हाच संपत होती. ते आले नाहीत तर जागा रिकामी झाल्याचं लिहायचं आणि मास्तरांना कायम करायचं, असं हेडमास्तरांनी कमिटीशी बोलून ठेवलं होतं. मास्तरांना फक्त गप्प बसून राहायचं होतं.

आईनं डॉक्टरांकडून नाखुशीनं का होईना, हजर व्हायला हरकत नाही असं लिहून घेतलं आणि एक दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, ठरवून ठेवली. ते दिवस लग्नसराईचे. दमणीवाल्याला वऱ्हाडाची जादा भाड्याची फेरी मिळाली आणि तो पहाटेच निघून गेला. सकाळची शाळा, उन्हं चढत चाललेली, बाबा कोट घालून ओट्यावर बसलेले आणि आई गल्लीत कुणा न कुणाच्या दारी बैलगाडी मागत फिरतेय. एकही गाडी गावात नव्हती. ती रिकाम्या हातांनी परत आली तेव्हा तिचा चेहरा पाहून मी रडायला लागले.

तेवढ्यात मास्तर आले; दमणी वऱ्हाडाबरोबर गेल्याची बातमी शाळेत पोचली होती. आई त्यांच्यासमोर आडवी उभी राहिली आणि म्हणाली, काय पाहायचं ते दुरून पाहा. मास्तरांच्या मागे शिपाई होता आणि शिपायाच्या डोक्यावर हेडमास्तरांच्या ऑफिसातली हातांची खुर्ची. मास्तर एवढंच म्हणाले, "बसा गुर्जी, टाइम नाही हाय." दोघांनी बाबांना खुर्चीत बसवलं, खुर्ची उचलली आणि भर उन्हात वेशीपलीकडच्या शाळेपर्यंत नेली. लोक ओट्यांवर येऊन पाहत होते. मास्तरांना धाप लागली होती आणि ते खाली पाहून चालत होते. बाबांनी सही केली तेव्हा दौत मास्तरांनी धरली. हेडमास्तरांनी मग नाइलाजानं मास्तरांच्या हातात मोकळं केल्याचा कागद ठेवला.

त्याच दुपारी अकोल्याच्या मोटारीनं ते निघाले. जाताना बाबांना नमस्कार करायला आले. आई त्यांच्या पाया पडायला वाकली तर ते एकदम मागे सरकले. "पुण्य लावू नका वैनी," ते म्हणाले. "मी पंधरवड्यापासून देवाले भलतंच मागून राह्यलो होतो. ते देवानं आयकलं तं, याचं भेव वाटलं मले." ट्रंक उचलून ते गेले. उन्हाळाभर त्यांच्या घरी चूल कशी पेटली, ते आम्ही कधी विचारलं नाही.

बाबा त्याच सुटीत गेले. शाळा उघडायच्या आधी. जागा रिकामी झाली आणि कमिटीनं मास्तरांनाच बोलावलं. पुढे ते त्याच शाळेतून रिटायर झाले. सबंध नोकरीत आजारपणाची रजा म्हणून त्यांनी कधी घेतली नाही. मलेरियानं फणफणलेले असताना घोंगडी पांघरून त्यांनी भूगोल शिकवलेला मी पाहिलाय. आपण घरी झोपलो की आपल्या जागेवर कुणीतरी येणार आणि आपला दम मोजत बसणार, या भीतीनं त्यांना अंथरूण सोसत नसे.

सुटीनंतर हजर व्हायच्या त्या पहिल्या दिवशी मात्र ते शाळेत न जाता आधी आमच्याकडे आले. दारातच उभे राहिले. ती जागा मी घेऊ काय, असं त्यांनी आईला विचारलं. तुम्ही नाही म्हणालात तर परत जातो, म्हणाले. आई भिंतीला टेकून बसली होती. बाबा गेल्यापासून ती फारशी बोलतच नव्हती.

"घ्या," ती म्हणाली. "पण एक खरं सांगा मास्तर. हे गेले असं कळलं, तवा तुमाले बरं वाटलं का?"

दाराची चौकट धरून मास्तर उभे राहिले. वाटलं, आता ते खोटं बोलतील, आणि बोलावं असंच मला वाटत होतं.

"हो वैनी," ते म्हणाले. "पयले तेच वाटलं. रडू मंग आलं."

आईनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"मलेबी पयले तेच वाटलं, भाऊ," ती म्हणाली. "त्यायचं तडफडणं पाहवत नोतं."

मी दाराआड होते. मला त्या क्षणी दोघांचीही भीती वाटली. मग आईनं पदरानं तोंड पुसलं, शाळेची वेळ झाली म्हणून मास्तरांना सांगितलं, आणि मला हाक मारून दप्तर घ्यायला लावलं. मी त्यांच्या मागोमाग शाळेत गेले.